रिकामपण, सवड आणि काम : बीट्रिक्स पॉटरच्या दिनक्रमाचा इतिहास

(१)

वाङ्मयेतिहासात लेखकाच्या चरित्राला जागा असते. त्याच्या दिनक्रमाला सहसा नसते. जन्म, शिक्षण, विवाह, ग्रंथप्रकाशन, मानसन्मान आणि मृत्यू हे चरित्राचे टप्पे कालक्रमाने मांडता येतात. दिवस मात्र पुन:पुन्हा तसाच उगवतो आणि त्याची नोंद करण्याचे कारण कोणास वाटत नाही. परिणामी निर्मितिप्रक्रियेविषयीची आपली चर्चा स्फूर्ती, प्रतिभा, अनुभव यांसारख्या संकल्पनांभोवती फिरत राहते; निर्मिती ज्या वेळात, ज्या खोलीत आणि ज्या परवानगीने घडते त्यांचा विचार चरित्रकाराच्या तपशीलप्रेमावर सोपवला जातो.

मुलांच्या पुस्तकांच्या चित्रकाराबाबत ही उणीव अधिकच जाणवते. चित्र हे संहितेचे अलंकरण आहे, संहिता आधी सिद्ध होते आणि चित्र मागाहून तिच्या सेवेस येते, असे एक गृहीतक बालसाहित्याच्या समीक्षेत दीर्घकाळ टिकून राहिले आहे. मराठीतही बालपुस्तकाच्या भाषेची, बोधाची आणि वयोगटाची जितकी चर्चा झाली तितकी त्यातील चित्रांची झालेली नाही. ज्याच्या कृतीला स्वतंत्र संहितेचा दर्जा नाही, त्याच्या दिनक्रमाला इतिहासाचा विषय होण्याचा अधिकार कोठून मिळावा?

प्रस्तुत निबंधात बीट्रिक्स पॉटर (१८६६–१९४३) या इंग्रज चित्रकर्तीच्या दिनक्रमाचा विचार या दृष्टीने केला आहे. तिच्या निवडीचे कारण तिची लोकप्रियता हे नाही. तिच्या दैनंदिन जीवनाची दोन स्वरूपतः भिन्न अशी साधने उपलब्ध आहेत, हे खरे कारण आहे. पहिले साधन म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षापासून, १८८१ ते १८९७ या काळात, तिने सांकेतिक लिपीत लिहिलेली रोजनिशी. ही लिपी तिने स्वतःच तयार केली होती. ती लेस्ली लिंडर या संग्राहकाने अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १९५८ साली उलगडली आणि रोजनिशी १९६६ साली, म्हणजे पॉटरच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, प्रसिद्ध झाली. दुसरे साधन म्हणजे तिचा पत्रव्यवहार : प्रथम ओळखीच्या मुलांशी आणि नंतर प्रकाशकांशी झालेला.

या दोन साधनांमध्ये एक अर्थपूर्ण खंड आहे. रोजनिशी १८९७ च्या आरंभी थांबते. तिचे पहिले पुस्तक त्यानंतर जवळजवळ पाच वर्षांनी निघते. म्हणजे ज्या काळात ती पुस्तके करीत नव्हती त्या काळाची रोजनिशी आहे आणि ज्या काळात ती पुस्तके करीत होती त्या काळाची रोजनिशी नाही. रोजनिशी का थांबली याचा निर्णय करण्याऐवजी या दोन साधनांतून दिवसाची जी दोन रूपे दिसतात त्यांची तुलना करणे अधिक फलदायी ठरेल.

(२)

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातील बोल्टन गार्डन्समधील दोन क्रमांकाचे घर हे पॉटर कुटुंबाचे निवासस्थान. संपत्ती लँकेशरच्या कापडधंद्यातून आलेली होती. आजोबा एडमंड पॉटर यांचा कापडावर नक्षी छापण्याचा मोठा कारखाना होता आणि ते पार्लमेंटचे सभासदही होते. वडील रूपर्ट पॉटर यांनी बॅरिस्टरची सनद घेतली होती, परंतु त्यांचे लक्ष वकिलीपेक्षा छायाचित्रणात असे. चित्रकार जॉन एव्हरेट मिले यांच्याशी त्यांचा स्नेह होता आणि मिले यांच्या चित्रांच्या उपयोगासाठी ते छायाचित्रे काढून देत. चित्रकला हा त्या घरात परका विषय नव्हता. मात्र ती छंद म्हणून मान्य होती, मुलीचा व्यवसाय म्हणून नव्हे.

मुलीचे शिक्षण घरीच, शिक्षिकांकडून झाले. सहा वर्षांनी धाकटा असलेला भाऊ बर्ट्रम यथाकाळ निवासी शाळेत गेला. बीट्रिक्स वरच्या मजल्यावरील अभ्यासाच्या खोलीतच राहिली. वसंत ऋतूत घराची साफसफाई होई तेव्हा कुटुंब समुद्रकाठी जाई. उन्हाळ्याचे दोन-तीन महिने स्कॉटलंडमध्ये किंवा १८८२ पासून अधूनमधून इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशात काढले जात. कोठे जायचे, केव्हा परतायचे, घोडागाडी केव्हा मोकळी असेल, हे आईवडील ठरवीत. वयाच्या तिशीतही या रचनेत फारसा बदल झाला नाही.

या दिवसाला काय म्हणावे? येथे मराठीतील दोन शब्दांमधील भेद उपयोगी पडण्यासारखा आहे. ‘रिकामपण’ म्हणजे करावयास काही नसणे. ‘सवड’ म्हणजे स्वतःच्या इच्छेने वापरता येईल असा वेळ असणे. पॉटरच्या दिवसात रिकामपण विपुल होते, सवड फार थोडी होती. उच्च मध्यमवर्गीय अविवाहित मुलीवर कष्टाचे काम नव्हते. परंतु तिचा वेळ कोणत्याही क्षणी आईच्या भेटीगाठींसाठी, आजारपणासाठी वा घरच्या व्यवस्थेसाठी मागितला जाऊ शकत होता. नोकरचाकर असलेल्या घरातील कन्येचा वेळ कोणाचाच नसल्यासारखा दिसतो आणि म्हणूनच तो सर्वांचा असतो. सांकेतिक लिपीत रोजनिशी लिहिणे ही कृती या संदर्भात वाचावयास हवी. त्या लिपीत लिहिलेला बराचसा मजकूर चित्रप्रदर्शने, राजकारण, आप्तेष्टांच्या गोष्टी यांविषयीचा आहे. त्यात लपवण्याजोगे फारसे काही नाही. गुप्तता मजकुराला हवी होती त्यापेक्षा लिहिण्याच्या वेळेला हवी होती, असे म्हणता येईल. दिवसाचा एक तुकडा इतरांच्या दृष्टीआड नेण्याचे ते साधन होते.

(३)

हे रिकामपण निरीक्षणाने भरले गेले. भावंडांनी अभ्यासाच्या खोलीत ससे, उंदीर, बेडूक, सरडे, वटवाघळे पाळली. प्राण्याला खाऊ घालणे, त्याची जागा साफ करणे, तो झोपलेला असताना आणि जागा असताना त्याचे रेखाटन करणे हा नित्यक्रम होता. प्राणी मेला की त्याचे शव उकळून सांगाडा जतन केला जाई आणि त्याचीही चित्रे काढली जात. पुढील काळात तिच्या चित्रांतील सशाच्या अंगावर कोट आला, उंदराच्या डोक्यावर टोपी आली. तरी त्या कपड्यांखालील सांधा चुकत नाही, याचे कारण या नित्यक्रमात आहे. प्राण्यांना माणसाचे कपडे घालणारे चित्रकार तिच्या आधीही पुष्कळ होते. कपडे काढले तर खरा प्राणी उरेल अशी खात्री देणारे थोडे होते.

चित्रविक्रीचा पहिला अनुभव १८९० सालचा. बेंजामिन बाउन्सर या पाळीव सशाला नमुना म्हणून समोर ठेवून तिने शुभेच्छापत्रांसाठी सहा चित्रे केली आणि हिल्डशायमर अँड फॉकनर या प्रकाशनसंस्थेने ती सहा पौंडांना घेतली. या आनंदात तिने बेंजामिनला पेलाभर भांगेच्या बिया खाऊ घातल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून काम करून घेणे अशक्य झाले. हा प्रसंग विनोदी असला तरी त्यात एक नाते व्यक्त झाले आहे. ससा हा तिच्या दृष्टीने सहकारी होता. मोबदल्यात त्याचा वाटा होता आणि त्याच्या लहरीनुसार कामाचा दिवस ठरत होता.

या निरीक्षणाची दुसरी शाखा अळंबींची. स्कॉटलंडमधील चार्ल्स मॅकिंटॉश या पूर्वाश्रमीच्या टपालवाटप्याने, जो निसर्गाचा जाणकार होता, तिला नमुने पाठवावेत आणि तिने त्यांची चित्रे करून द्यावीत असा क्रम १८९२ नंतर सुरू झाला. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचे अंकुरण पाहण्यापर्यंत ती पोहोचली. रसायनशास्त्रज्ञ असलेले, आत्याचे यजमान सर हेन्री रॉस्को यांनी तिला क्यू येथील वनस्पती-उद्यानाच्या अधिकाऱ्यांकडे नेले. तेथे तिच्या कामाची फारशी दखल घेतली गेली नाही. अखेर १ एप्रिल १८९७ रोजी तिचा बीजाणू-अंकुरणावरील लेख लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे क्यू येथील जॉर्ज मॅसी यांच्यामार्फत मांडला गेला. स्त्रियांना त्या सभेत उपस्थित राहण्याची मुभा नव्हती. लेख तिने पुढे मागे घेतला आणि तो आज उपलब्ध नाही. शंभर वर्षांनी, १९९७ साली, सोसायटीच्या वतीने तिच्यावर अन्याय झाल्याची कबुली देण्यात आली. तिची अळंबींची अनेक चित्रे तत्पूर्वीच, १९६७ साली, इंग्लंडमधील अळंबींवरील एका शास्त्रीय हस्तपुस्तकात वापरली गेली होती.

या घटनेचा अर्थ लावताना एक मोह टाळावयास हवा. विज्ञानाचे दार बंद झाले म्हणून ती बालसाहित्याकडे वळली, अशी सुबक कथा रचणे सोपे आहे. परंतु पुस्तकांचे बीज त्याआधीच पडले होते. ४ सप्टेंबर १८९३ रोजी स्कॉटलंडमधील डंकेल्ड येथून तिने नोएल या आजारी असलेल्या लहान मुलाला पत्र लिहिले. त्याची आई ॲनी मूर ही पूर्वी तिची शिक्षिका होती. सांगण्यासारखे काही नसल्याने चार सशांची गोष्ट सांगते, अशा प्रस्तावनेने सुरू होणारे हे पत्र म्हणजे पीटर रॅबिटच्या कथेचे पहिले रूप होय. अळंबीचे चित्र, सशाचे रेखाटन आणि मुलाला पत्र ही तिच्या एकाच दिवसातील कामे होती. वैज्ञानिक आणि बालसाहित्यकार या दोन कोटी नंतरच्या इतिहासकारांनी पाडल्या आहेत. त्या दिवसात त्यांच्यामध्ये भिंत नव्हती.

चित्रपत्र या प्रकाराचे वैशिष्ट्यही ध्यानात घेण्याजोगे आहे. पत्रात शब्द आणि रेखाटन एकाच लेखणीने, एकाच शाईने, एकाच ओघात येतात. वाक्य जेथे थांबते तेथे चित्र सुरू होते आणि चित्राच्या कडेने पुढचे वाक्य वाट काढते. संहिता आधी व चित्र नंतर हे गृहीतक येथे लागूच पडत नाही. पॉटरच्या पुढील पुस्तकांत डाव्या-उजव्या पानांवर शब्द आणि चित्र यांची जी वाटणी दिसते तिचे मूळ चित्रपत्राच्या या अविभक्त रूपात आहे.

(४)

सुमारे सात वर्षांनी, १९०० च्या सुमारास, पॉटरने नोएलकडून ते पत्र परत मागून घेतले. मुलाने ते जपून ठेवले होते. त्यावरून तिने एका वहीत पुस्तकाचा नमुना तयार केला आणि तो अनेक प्रकाशकांकडे पाठवला. कोणी तो स्वीकारला नाही. काही प्रकाशकांना मोठ्या आकाराचे, महाग पुस्तक हवे होते. लहान वाचकांना सहा शिलिंग कोठून परवडणार, असे तिचे म्हणणे होते. अखेर डिसेंबर १९०१ मध्ये तिने स्वखर्चाने २५० प्रती छापून घेतल्या. आतील चित्रे एकरंगी रेषाचित्रे होती, केवळ मुखचित्र रंगीत होते. फ्रेडरिक वॉर्न अँड कंपनीने दरम्यान पुस्तकात रस दाखवला. अट एवढीच की सर्व चित्रे रंगीत हवीत. ऑक्टोबर १९०२ मध्ये वॉर्नची आवृत्ती निघाली तेव्हा तिची पहिली छपाई ८००० प्रतींची होती.

येथपासून तिच्या दिवसाचे दुसरे रूप सुरू होते आणि ते पत्रव्यवहारातून दिसते. त्यात ठोकळे, मुद्रिते, कागद, पानांची संख्या, बांधणी, किंमत हे विषय येतात. त्रिरंगी हाफटोन पद्धतीने जलरंगातील चित्र छापणे नुकतेच व्यवहार्य झाले होते; तिच्या पातळ, सौम्य छटा छपाईत उतरतात की नाही हे प्रत्येक मुद्रितावर तपासणे आवश्यक होते. सर्व चित्रे रंगीत करावयाची म्हणून त्यांची संख्या कमी करावी लागली. लहान हातांत मावेल असा आकार हा तिचा आग्रह होता. १९०६ साली घडीच्या लांब पट्टीसारखी उलगडणारी दोन पुस्तके काढण्यात आली. पण गिऱ्हाईके ती दुकानात उलगडतात आणि पुन्हा नीट मिटत नाहीत अशी दुकानदारांची तक्रार आली व तो प्रयोग सोडून द्यावा लागला. पुस्तकाचे रूप हे कलावंताच्या मनातील प्रतिमेइतकेच दुकानाच्या फळीवरही घडते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

अशा कारागिरीच्या तपशिलांना सौंदर्यशास्त्रात दुय्यम स्थान देण्याची प्रथा आहे. परंतु पॉटरच्या शैलीचे अनेक विशेष या तपशिलांतच सापडतात. एका पानावर बसेल एवढेच गद्य आणि समोर एक चित्र, ही मर्यादा तिच्या वाक्याला तिचा आटोपशीरपणा देते. कॅनन रॉन्स्ली या कुटुंबस्नेह्याने पीटरची कथा पद्यात रचून पाहिली होती. प्रकाशकाने तिचे साधे गद्यच पसंत केले. पीटरच्या पित्याचे मॅक्ग्रेगर यांच्या घरी काय झाले हे ती एका वाक्यात, आवाज न चढवता सांगते. पिसलेल्या हाडांची मोजमापे घेणाऱ्या हाताचीच ही तटस्थता आहे. त्याच कथेत पीटर पळताना आधी जोडे गमावतो आणि चार पायांवर धावू लागल्यावर त्याचा वेग वाढतो. मग जाळ्यात कोटाची बटणे अडकतात आणि कोट टाकूनच त्याला सुटावे लागते. कपडे हा येथे सभ्यतेचा आणि त्याचबरोबर अडकण्याचा संकेत आहे. घरी परतलेल्या पीटरला आई कोट कोठे गेला असे मनात म्हणते आणि औषध देऊन निजवते. मुलाच्या स्वैरतेला दिलेली ही शिक्षा आहे, की घराच्या नियमाकडे सोडलेला एक तिरकस कटाक्ष? दोन्ही वाचने संहिता पेलू शकते आणि चित्रांतील शरीरशास्त्रीय अचूकता दुसऱ्या वाचनाच्या बाजूने साक्ष देते.

(५)

प्रकाशनाचे काम मुख्यतः नॉर्मन वॉर्न पाहत असे. पत्रे जवळजवळ रोज जात-येत. ‘दोन वाईट उंदीर’ या १९०४ सालच्या कथेसाठी तिला बाहुल्यांचे घर पाहावयाचे होते. नॉर्मनने ते आपल्या पुतणीसाठी बांधले होते आणि ते लंडनबाहेर सर्बिटन येथे होते. तेथे जाणे आईला पसंत नव्हते. म्हणून छायाचित्रांवरून आणि नॉर्मनने पाठवलेल्या बाहुल्या व खेळण्यातील खाद्यपदार्थांवरून तिने चित्रे केली. पुस्तकातील उंदीर ज्या घरात शिरून नासधूस करतात ते घर चित्रकर्तीला प्रत्यक्ष पाहता आले नाही, हा विरोधाभास तिच्या दिवसाच्या मर्यादा नेमकेपणाने दाखवतो. १९०५ च्या ‘मिसेस टिगी-विंकल’साठी तिने पाळलेली हेजहॉग, म्हणजे पाठीवर काटे असलेला लहानसा प्राणी, नमुना म्हणून बसे, तिला मांडीवर झोपणे आवडे, पण फार वेळ उभे केले की ती जांभया देई आणि चावे. चित्राचा दिवस प्राण्याच्या सहनशक्तीने मोजला जात होता.

जुलै १९०५ मध्ये नॉर्मनने विवाहाचा प्रस्ताव मांडला. कापडाच्या कारखान्यावर ज्यांचे वैभव उभे होते त्या आईवडिलांना प्रकाशनाच्या धंद्यातील जावई कमी दर्जाचा वाटला. तिने प्रस्ताव स्वीकारला. पण २५ ऑगस्ट १९०५ रोजी नॉर्मनचा रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस तिने सरोवर-प्रदेशातील निअर सॉरी या गावी हिल टॉप हे शेत विकत घेतले. पैशाचा मोठा भाग पुस्तकांच्या उत्पन्नातून आलेला होता.

हिल टॉपवर तिला राहता मात्र येत नव्हते. एकोणचाळीस वर्षांची, स्वतःच्या मिळकतीची ही स्त्री लंडनच्या घराचा निरोप घेऊन काही दिवस, काही वेळा एखादा आठवडा, शेतावर जाई आणि परत येई. शेत जॉन कॅनन हा कारभारी सांभाळी. १९०६ ते १९१३ या आठ वर्षांत तिच्या बारा कथा प्रसिद्ध झाल्या. त्यांतील ‘टॉम किटन’ (१९०७), ‘जेमायमा पडल-डक’ (१९०८) आणि ‘सॅम्युएल व्हिस्कर्स’ (१९०८) यांत हिल टॉपचे दार, जिना, अंगण, कारभाऱ्याची बायको व मुलेसुद्धा आली आहेत. सॅम्युएल व्हिस्कर्स या उंदराचे मूळ त्या जुन्या घरातील उंदरांच्या खऱ्या उपद्रवात आहे.

हा काळ तिच्या निर्मितीचा सर्वांत भरघोस काळ होय आणि तो तिच्या दिवसाचा सर्वांत विभागलेला काळही होय. लंडनमध्ये मुलगी म्हणून कर्तव्य, शेतावर मालकीण म्हणून हिशेब, आणि या दोहोंच्या मध्ये, अनेकदा प्रवासाच्या आगेमागे, चित्रे. हिल टॉपची चित्रे इतकी भरलेली का वाटतात, याचे एक उत्तर येथे मिळते. ती सतत सोडून जावे लागणाऱ्या घराची चित्रे आहेत. जेथे नित्य राहतो तेथील जिना कोणी इतक्या बारकाईने पाहत नाही.

(६)

१५ ऑक्टोबर १९१३ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तिने विल्यम हीलिस या स्थानिक वकिलाशी विवाह केला. आईवडिलांचा विरोध याही वेळी होता. त्याच महिन्यात ‘पिगलिंग ब्लँड’ प्रसिद्ध झाले. त्यानंतर तिची पुस्तके विरळ होत गेली. १९१७ आणि १९२२ च्या पुस्तकांत जुनी चित्रे मोठ्या प्रमाणात वापरलेली आहेत. १९१८ चे ‘जॉनी टाउन-माउस’ हे त्या काळातील खऱ्या अर्थाने नवे काम म्हणता येईल. डोळे बारीक कामाला साथ देईनासे झाले होते आणि हर्डविक जातीच्या मेंढ्या, कुरणे, कुंपणे यांनी दिवस व्यापला होता. १९४३ साली तिचा मृत्यू झाला तेव्हा चार हजार एकरांहून अधिक जमीन तिने नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केली.

रोमँटिक कलाविचाराच्या चौकटीत हा शेवट अडचणीचा ठरतो. त्या विचारानुसार बंधने सुटली की सर्जनशीलता फुलावयास हवी. येथे ती मिटली. काही वाचकांना यात संसाराने कलेचा घेतलेला बळी दिसेल. उलट बाजूने, बंधनातच कला जन्मते असा निष्कर्षही कोणी काढील. दोन्ही निष्कर्ष सदोष आहेत. पहिला निष्कर्ष शेतकरीण पॉटरच्या कामाला काम मानीत नाही. दुसरा निष्कर्ष बोल्टन गार्डन्समधील कोंडीला प्रतिभेची शाळा ठरवून तिची किंमत विसरतो. सभेत प्रवेश नसलेला लेख आणि न पाहता काढावे लागलेले बाहुल्यांचे घर ही ती किंमत होय. त्याच कोंडीत आणखी किती रोजनिश्या लिहिल्याच गेल्या नाहीत, याचा हिशेब कोणत्याही ग्रंथसूचीत नाही.

दिनक्रमाच्या इतिहासातून मिळणारे उत्तर अधिक मर्यादित, पण अधिक भक्कम आहे. रिकामपणाने तिला पाहण्याची सवय दिली. सवड तिला लहान तुकड्यांत आणि बहुधा चोरूनच मिळाली. तिची पुस्तके त्या तुकड्यांच्या आकाराची आहेत : हातात मावणारी, एका बैठकीत संपणारी, एका पानावर एकच घटना सांगणारी. पुढे जेव्हा संपूर्ण दिवस तिचा झाला, तेव्हा तिने तो दुसऱ्या कामाला दिला. हा निर्णय तिचा होता. आणि स्वतःच्या वेळेविषयी निर्णय घेता येणे हेच तर तिला आयुष्याचा बराच काळ नाकारले गेले होते.

बालसाहित्याचा इतिहास पुस्तकांच्या यादीऐवजी दिवसांच्या अंगाने लिहिला गेला, तर चित्रकार त्यात आपोआप मध्यभागी येईल. कारण चित्राइतका वेळ दुसरी कोणतीही गोष्ट मागत नाही. कोणाच्या वाट्याला हा वेळ आला, कोणी तो दिला आणि कोणापासून तो काढून घेतला गेला, हा प्रश्न मग केवळ चरित्राचा राहणार नाही. तो वाङ्मयेतिहासाचा होईल.